खऱ्या साक्षीची परंपरा : फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचें ख्रिस्तपुराण



जुबिलीचें वर्ष हें हिशेबाचें वर्ष होय. जुन्या करारांत ज्या पन्नासाव्या वर्षाची आज्ञा आहे, त्या वर्षीं रणशिंग वाजे, गेलेली जमीन मूळ धन्याच्या घराण्याकडे परत येई आणि दास मोकळे होऊन आपल्या कुटुंबांत परतत. अर्थात् जुबिली ही नुसत्या आनंदाची घटका नव्हती. देणीं फेडण्याची आणि वांकडें झालेलें सरळ करण्याची तीच वेळ होती. आपल्या धर्मग्रामाच्या या उत्सवांतहि वास्तूंची, बाप्तिस्म्यांची व विवाहांची मोजदाद होईल, आणि ती झालीच पाहिजे. परंतु एक खातें असें आहे कीं, तें कोणत्याहि नोंदवहींत लिहिलेलें सांपडत नाहीं. जो विश्वास आपण स्वीकारला तो आपण किती खरेपणानें आचरिला, आणि शेजाऱ्यास सांगतांना किती खरेपणानें सांगितला, हें तें खातें होय. तें तपासावयाचें तर आपल्या आधीं ज्यांनीं हा हिशेब ठेवण्याचा प्रयत्न केला, त्यांच्याकडे एकदां वळून पाहावें लागतें.

मांजरसुंबा हें चौरस्त्याचें गांव आहे. धुळ्याहून सोलापुरास जाणारा मोठा रस्ता आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस छेदतात. चौरस्त्यावर राहणाऱ्या मनुष्यास नाना मतांचे व नाना पंथांचे लोक रोज भेटतात, आणि ते त्यास पारखूनहि घेतात. येथून जवळच कपिलधारेस वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधि असून कार्तिकी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. त्यांचा 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठी ओवींत आहे. केजच्या पुढें अंबाजोगाईस 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांचें स्मरण आजहि जागें आहे, आणि तेथेंच दासोपंतांनीं आपली प्रचंड ग्रंथरचना केली. कागद अपुरा पडला म्हणून कीं काय, त्यांनीं लांबच लांब कापडाच्या पासोडीवरहि पद्यग्रंथ लिहिला. तेव्हां ओवी आपणांस परकी नाहीं. जात्यावर बसणाऱ्या आजीच्या तोंडून ती आपल्या कानांवर पडली आहे.

दासोपंतांचा काळ इ. स. १५५१ ते १६१५ असा सांगतात. त्यांच्या जन्माच्या थोडे आधीं, सुमारें १५४९ सालीं, इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. आणि दासोपंतांनीं देह ठेविल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १६१६ सालीं, स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यांतील राचोल येथें छापून प्रसिद्ध झालें. एक कवि आपल्या शेजारचा, दुसरा सातासमुद्रांपलीकडचा. दोघांची कधीं भेट झाली नाहीं; परंतु दोघांनींहि ईश्वराविषयींचें आपलें मन मराठी ओवींतच उघडें केलें.

स्टीफन्स ज्या देशांत वाढले तेथें त्या काळीं कॅथोलिक धर्म उघडपणें पाळणें गुन्हा झाला होता. त्यांचा मित्र थॉमस पाउंड यास केवळ धर्मासाठीं सुमारें तीस वर्षें वेगवेगळ्या तुरुंगांत काढावीं लागलीं. स्टीफन्स निसटून रोमला पोहोंचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं येशूसंघांत दाखल झाले. पुढें ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून जहाजांत बसून त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचेंच नांव घेतात. पुढील सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, ते बहुतांशीं साष्टी प्रांतांत राहिले. राजसत्तेच्या बळानें मनुष्याच्या मनावर बोजा टाकला म्हणजे काय होतें, हें त्यांनीं स्वदेशींच पाहिलें होतें.

परंतु गोव्यांत त्यांस जें दिसलें तें काय होतें? येथें आपणांस खरें बोलणें भाग आहे. जुबिलीच्या अंकांत केवळ गौरवाच्याच गोष्टी लिहाव्या, अशी रूढि आहे. पण ज्या लेखाचा विषयच खरेपणा, त्यांत अर्धें सत्य शोभत नाहीं. गोव्यांत १५६० सालीं धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झालें. मधल्या कांहीं वर्षांचा खंड सोडल्यास तें १८१२ पर्यंत चाललें. साष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास मोठ्या संख्येनें पाडण्यांत आलीं, आणि हिंदूंच्या उत्सवांवर व विधींवर बंदी घालणारे हुकूम पोर्तुगीज सरकारनें काढले. क्रूसाचा ध्वज आणि राजाची तलवार एकाच गलबतांतून उतरलीं, आणि पुष्कळांस या दोहोंतील भेद ओळखूं आला नाहीं.

याचा कडू परिणाम १५८३ सालीं कुंकळ्ळीस दिसला. त्या वर्षीं २५ जुलै रोजीं फादर रुडॉल्फ आक्वाविवा हे आपल्या चार येशूसंघीय सहकाऱ्यांसह व कांहीं ख्रिस्ती लोकांसह तेथें गेले असतां गांवकऱ्यांनीं त्यांस ठार मारलें. हेच आक्वाविवा त्यापूर्वीं अकबर बादशहाच्या फत्तेपूर शिक्रीच्या दरबारांत राहून, पंडितांशीं व मौलवींशीं वाद करून, सर्वांच्या आदरास पात्र झाले होते. त्या पांच येशूसंघीयांस १८९३ सालीं ख्रिस्तसभेनें धन्य म्हणून घोषित केलें. हा भाग आपण जाणतों. याचा दुसरा भागहि आपणांस ठाऊक असावा. कुंकळ्ळीचीं देवळें आधींच उद्ध्वस्त झालेलीं होतीं, आणि गांवकऱ्यांचा राग त्यामुळें पेटला होता. हत्येनंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं बोलणीं करण्याच्या मिषानें गांवच्या प्रमुखांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलाविलें आणि तेथें त्यांस कापून काढलें. त्यांचें स्मारकहि आज कुंकळ्ळींत उभें आहे. विश्वासासाठीं मरणाऱ्याच्या रक्ताचा आपण मान राखतों, आणि तो राखावा. पण विश्वासघातानें सांडलेलें रक्त शुद्ध करण्याचें सामर्थ्य कोणत्याहि हेतूंत नाहीं.

या घटनेनंतर तीनच महिन्यांनीं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, स्टीफन्स यांनीं आपल्या भावास एक पत्र लिहिलें. त्यांत मारल्या गेलेल्या बांधवांची हकीकत तर आहेच. पण त्याच पत्रांत त्यांनीं या देशाच्या भाषांविषयींहि लिहिलें आहे. येथील भाषा पुष्कळ असून त्यांचे उच्चार कानास गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, असा त्यांचा अभिप्राय पडला. युरोपांतील पंडितांनीं हें भाषांचें नातें शास्त्र म्हणून मांडण्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें आधींचें हें निरीक्षण आहे. आपले सोबती नुकतेच ज्या भूमींत मारले गेले, त्या भूमीच्या लोकांचें बोलणें हा मनुष्य शांतपणें, प्रेमानें ऐकत होता. सूड घेण्याचीं कारणें शोधीत बसणाऱ्यास व्याकरण सुचत नाहीं.

त्यांनीं कोंकणी भाषेचें व्याकरण रचिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राचोलला छापलें गेलें, आणि हिंदी भाषांपैकीं कोणत्याहि भाषेचें तें पहिलें छापील व्याकरण म्हणून ओळखलें जातें. मुलांकरितां त्यांनीं केलेली कोंकणींतील धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी १६२२ सालीं छापली. त्यांची आणखी एक इच्छा मात्र अपुरी राहिली. मलबारांत तेथील लोकांच्या लिपींत धर्मपुस्तकें छापलीं गेलीं होतीं; तशींच आपल्या प्रांतांतहि येथल्या भाषेंत व येथल्याच लिपींत छापावीं, असें त्यांस फार वाटे. १६०८ सालीं त्यांनीं रोमला आपल्या संघाच्या मुख्य अधिकाऱ्यांस तसें लिहून कळविलें. अडचण अशी होती कीं, युरोपच्या लिपीस चोवीस अक्षरांचे साचे पुरत, तर येथील जोडाक्षरांसह सुमारें सहाशें साचे लागले असते. तें घडलें नाहीं, आणि ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापावें लागलें. पण ज्या मनुष्यास परक्या लोकांची लिपीसुद्धां आदरास योग्य वाटते, त्याच्या धर्मसांगण्याची जात निराळी असते.

आतां प्रत्यक्ष ग्रंथाकडे वळूं. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराचा इतिहास असून त्याचे ३६ अवस्वर आहेत. दुसऱ्यांत प्रभु येशूचें जीवन, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण असून त्याचे ५९ अवस्वर आहेत. एकूण ओव्या सुमारें अकरा हजार भरतात. ग्रंथाच्या आरंभींच कवीनें एक प्रसंग घातला आहे. पाद्री मुलांस धर्माचे पाठ शिकवीत असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण उभा राहतो आणि विनयानें, पण स्पष्टपणें, म्हणतो कीं, तुम्ही सांगतां तें उत्तम आहे. परंतु आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं आम्हांपासून काढून घेतलीं, त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास काय दिलें? या प्रश्नास उत्तर म्हणून हें पुराण जन्मास आलें, अशी ग्रंथाची मांडणी आहे.

वाचकहो, या प्रश्नापाशीं थोडें थांबावें. हा प्रश्न सोईचा नाहीं. सत्तेच्या छायेंत बसलेल्या धर्मगुरूस तो दाबून टाकतां आला असता, निदान आपल्या ग्रंथांतून गाळतां तरी आला असता. स्टीफन्स यांनीं तो ग्रंथाच्या दारांतच उभा केला. पुढेंहि ठिकठिकाणीं श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. ऐकणाऱ्यास शंका असणारच, आणि ती विचारण्याचा त्यास अधिकार आहे, हें येथें मान्य केलेलें आहे. फादर स्टीफन्स त्या काळाच्या बाहेर उभे होते असें मात्र कोणी समजूं नये. पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयानेंच ते राहत होते, आणि मूर्तिपूजेविषयींचे त्यांचे शब्द त्या काळच्या इतर मिशनऱ्यांच्या शब्दांसारखेच कठोर आहेत. तरीहि ज्या प्रांतांत इतर पुष्कळांनीं हुकुमावर भिस्त ठेविली, त्या प्रांतांत त्यांनीं ग्रंथावर, शब्दावर आणि श्रोत्याच्या समजुतीवर भिस्त ठेविली.

त्यांच्या भाषेंतहि हाच खरेपणा दिसतो. मराठीच्या स्तुतिपर त्यांच्या ओव्या शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहेत. परंतु केवळ पांडित्य मिरविण्याकरितां त्यांनीं अवघड मराठी लिहिली नाहीं. साष्टींतील साध्या लोकांस समजावें म्हणून कोंकणींतील सोपे शब्द आपण मिसळले, असें ते स्वतःच सांगतात. वैकुंठ, मुक्ति, कृपा, गुरु हे येथल्या मातींतले शब्द त्यांनीं निःसंकोचपणें वापरले. त्यांत फसवणूक मात्र नव्हती. ग्रंथ कोणाचा, कोणाविषयीं आणि कशासाठीं, हें पहिल्या पानापासून उघड होतें.

हें किती महत्त्वाचें आहे, हें समजण्यास एका निराळ्या ग्रंथाची गोष्ट उपयोगी पडेल. अठराव्या शतकांत पाँडिचेरीकडून 'एझूरवेदम्' नांवाचा एक फ्रेंच ग्रंथ युरोपांत पोहोंचला. तो प्राचीन वैदिक ग्रंथाचें भाषांतर असल्याचें समजण्यांत आलें. वास्तविक तो पाँडिचेरीच्या फ्रेंच मिशनऱ्यांनींच रचिला असावा, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. १७६० सालीं तो व्हॉल्टेर या लेखकाच्या हातीं पडला. व्हॉल्टेर ख्रिस्तसभेचा कडवा टीकाकार. त्यानें तो खरा मानून हिंदुस्थानचें ज्ञान बायबलाहून जुनें असल्याचा पुरावा म्हणून पुढें केला. १७७८ सालीं ग्रंथ छापला गेला, आणि थोड्याच वर्षांत त्याचें बनावट स्वरूप उघडकीस आलें. रचणाऱ्यांचा हेतु कांहींहि असो, दुसऱ्याचा वेष घेतलेला ग्रंथ शेवटीं धर्माच्याच विरुद्ध साक्षीस उभा राहिला. ख्रिस्तपुराणानें मात्र ओवीचें रूप घेतलें तें उघड्या तोंडानें, आणि तें आजवर मानानें वाचलें जातें.

त्या पुराणाचें पुढें काय झालें, हेंहि पाहण्यासारखें आहे. १६१६ नंतर १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें गेलें. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं तर गोव्याच्या पोर्तुगीज राजप्रतिनिधीनें असा हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. लोकांनीं आपली भाषा टाकली नाहीं, आणि पुराणहि टाकलें नाहीं. हातानें नकलून घेतलेल्या प्रती घराघरांतून जपल्या गेल्या. गोव्यांतून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या मंगळूरकडे नेल्या, आणि उपवासकाळांत तेथें त्या ओव्या म्हटल्या जात. तेथील हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाना यांनीं १९०७ सालीं मंगळूरास पुराण पुन्हां छापलें. पुढें लंडनला एक देवनागरी हस्तलिखित आढळलें, व त्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें. १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी आवृत्ति काढली, आणि १९९६ सालीं फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ति मुंबईस निघाली. हुकुमानें लादलेलें गळून पडलें. प्रेमानें दिलेलें लोकांनीं तीनशें वर्षें छातीशीं धरलें.

ख्रिस्तसभेनेंहि या विषयावर आपला विचार वेळोवेळीं स्पष्ट केला आहे. १६५९ सालींच रोमच्या धर्मप्रसार मंडळानें मिशनऱ्यांस बजावलें होतें कीं, जे आचार धर्माच्या व नीतीच्या विरुद्ध नाहींत ते बदलण्याचा आग्रह धरूं नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रांत सांगितलें कीं, श्रद्धेच्या बाबतींत कोणावरहि सक्ति होतां कामा नये, आणि धर्म सांगतांना गरीब व अशिक्षित लोकांस जबरदस्ती वाटेल किंवा फूस वाटेल असें वर्तन टाळावें. १९७५ सालीं परमगुरु सहावे पौल यांनीं जीवनाच्या साक्षीस पहिलें स्थान दिलें. मात्र त्या साक्षीचा अर्थ केव्हां तरी शब्दांनींहि सांगावा लागतो, असें त्यांनीं जोडून म्हटलें. आणि २००० सालच्या महाजुबिलींत, १२ मार्च रोजीं, परमगुरु दुसरे जॉन पौल यांनीं सत्याच्या नांवाखालीं ख्रिस्ती लोकांनीं केलेल्या सक्तीबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. जुबिली म्हणजे हिशेब, हें याहून अधिक स्पष्ट कोण सांगणार?

श्रद्धा ही वाट पाहूं शकते, याचें उदाहरण आपल्या शेजारींहि आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे प्रॉटेस्टंट मंडळीचे, आपल्या मंडळीचे नव्हत. पण त्यांची गोष्ट आपण ऐकण्यासारखी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. पत्नी लक्ष्मीबाईंस तो वज्राघात वाटला. त्या पुढें १९०० सालीं, तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत, स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या, आणि तो सारा प्रवास त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत कांहींहि न लपवितां सांगितला. त्या पुस्तकावर सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनीं प्रेम केलें, याचें कारण त्यांतील खरेपणा हेंच होय.

आतां आपल्या घराकडे पाहूं. दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात. मुकादम उचल देतो, नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणून धरली जाते, आणि हंगाम संपल्यावर हिशेब होतो. त्या हिशेबांत मुकादमाची वही खरी असावी, आणि उचल घेणाऱ्यानेंहि दिलेला शब्द पाळावा. तेथें शेजारच्या खोपींतील मनुष्य आपणांस ओळखतो तो आपल्या गळ्यांतील क्रूसावरून नव्हे, तर आपल्या व्यवहारावरून. जो ख्रिस्ती मनुष्य वजनांत, मजुरींत व साक्षींत खोटें करीत नाहीं, त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच निम्में शुभवर्तमान सांगितलेलें असतें.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. राष्ट्रपतींच्या १९५० सालच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदु धर्मीयांपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला, पण ख्रिस्ती झालेल्या दलितांचा झाला नाहीं. बाप्तिस्म्यानें जातीचा डंख गांवांतून जात नाहीं, सवलत मात्र जाते. यामुळें मराठवाड्यांतील कित्येक घरांत कागदावर एक नांव आणि प्रार्थनेंत दुसरें नांव, असा पेच उभा राहिला. या पेचांत सांपडलेल्या बापावर कोणीं घाईनें दगड उचलूं नये. भाकरीचें भय ज्यास ठाऊक नाहीं त्यास तर तो अधिकारच नाहीं. परंतु लपून राहण्याची संवय मुलांच्या अंगीं मुरली, तर विश्वासहि लाजण्याची वस्तु होऊन बसतो. यावर उपाय म्हणजे उघडपणें, कायद्याच्या मार्गानें, सर्वांनीं मिळून न्याय मागणें. आणि तोंवर एकमेकांच्या शिक्षणाचा व पोटाचा भार वाटून घेणें. तसेंच, दुष्काळांत दिलेलें धान्य, आजारांत दिलेलें औषध किंवा शाळेंतील जागा यांच्या बदल्यांत कोणाचें मन मागूं नये. मदत ही मदतच राहूं द्यावी. ज्यास ख्रिस्ताविषयीं विचारावयाचें असेल तो विचारील, आणि तेव्हां सौम्यपणें व आदरानें उत्तर देण्यास आपण तयार असावें, हीच संत पेत्राची शिकवण आहे.

फादर स्टीफन्स आपल्या चौरस्त्यावर आज आले असते, तर त्यांनीं प्रथम येथल्या लोकांची बोली ऐकली असती, कपिलधारेच्या यात्रेकरूस वाट दिली असती, आणि कोणीं प्रश्न विचारला असतां तो टाळला नसता. आपणहि इतकें करूं शकतों. त्यास फार विद्या लागत नाहीं.

सत्य, मार्ग आणि जीवन असा जो आपला प्रभु, त्याच्या चरणीं या जुबिलीच्या दिवशीं एवढीच विनंति करूं कीं, हे प्रभो, आमची वाणी आणि आमची करणी यांत अंतर पडूं देऊं नकोस. आमच्या पूर्वजांनीं जें प्रेमानें दिलें तें आम्हीं जपावें, जें बळानें घेतलें त्याचा पश्चात्ताप करावा, आणि आमच्या मुलांच्या हातीं आम्हीं हिशेब चोख करून द्यावा. पवित्र कुमारी मरिया आपणां सर्वांकरितां प्रार्थना करो. तथास्तु.